आउटबोर्डच्या खालच्या भागाचे बोल्ट जाम झालेत, पाईप लावून जोर काढू का?

नवखा_नाखवा (4 जून, रात्री 10:40)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलं म्हणून लिहितोय. तारकर्लीला आमची पर्यटकांना फिरवायची फायबरची छोटी बोट आहे, मी आणि चुलतभाऊ मिळून चालवतो. इंजिन 40 हॉर्सचं टू स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं), सेकंड हँड घेतलेलं, आमच्याकडे येऊन तीन सीझन झाले. मे अखेरीला धंदा बंद झाला तशी बोट वर ओढली, शाकारली आणि इंजिन काढून मांगरात (शेडमध्ये) स्टँडवर टांगलं. शेवटचे आठ-दहा दिवस इंजिनाच्या मागून जी पाण्याची पिचकारी येते ना ती अगदीच लहान पोरानं मुतल्यासारखी येत होती, म्हणजे इंपेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चक्र) गेला असणार हे मलाही कळतं. पण इंपेलर बदलायचा तर गिअरचा खालचा सगळा भाग उतरवायला लागतो. त्याला चार बोल्ट आहेत, 14 चं डोकं. दोन आले, किरकिर करत आले पण आले. तिसरा ढिम्म हलत नाही आणि चौथ्यावर पाना सरकून कोपरे मारले गेलेत. दोन दिवस तेल मारतोय. घरी दीड मीटरचा जीआय पाईप पडलाय, तो पान्याला लावून जोर काढावा असं चुलतभावाचं म्हणणं आहे. काढू का?

तेलकट_हात (4 जून, रात्री 10:52)
नको. पाईप मांगराच्या बाहेर ठेव आणि चुलतभावाला पण बाहेरच बसव. पाना कुठला वापरतोयस? फिक्स की रिंग? रिंग असेल तर आत सहा कोन आहेत की बारा?

नवखा_नाखवा (4 जून, रात्री 10:58)
फिक्स वापरला आधी, मग रिंग. बारा कोनांचा. सहा कोनांचा असतो हेच माहीत नव्हतं

पुणेरी_पाना (4 जून, रात्री 11:15)
सोपं आहे, डब्ल्यूडी-40 भरपूर मारा, रात्रभर ठेवा, सकाळी सुटतो. माझ्या बुलेटच्या सायलेन्सरचा नट असाच सुटला होता.

तेलकट_हात (4 जून, रात्री 11:21)
पुणेकर, बुलेट समुद्रात चालवता का? :) डब्ल्यूडी म्हणजे मुळात वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला केलेला फॉर्म्युला, चाळिसाव्या प्रयत्नाला जमला म्हणून 40, 1953 सालची गोष्ट आहे. वाईट नाही, पण जाम आट्यांत शिरायला त्याच्यापेक्षा चांगल्या गोष्टी आहेत. नुसत्या आट्यांत शिरण्यासाठी केलेलं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं. नाहीतर घरचा उपाय म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते एटीएफ आणि अ‍ॅसिटोन, निम्मं निम्मं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवून घ्यायची. आणि अ‍ॅसिटोन थर्माकोलच्या कपात ओतू नका, कप विरघळतो आणि पँटवर येतो. कसं माहीत विचारू नका.

लेलँडवाला_काका (5 जून, सकाळी 6:30)
हर्णैहून लिहितोय. आमचा लाकडी ट्रॉलर आहे, लेलँडचं सहा सिलिंडर इंजिन, माझ्या वडिलांच्या वेळेपासून हेच. आमच्याकडे एकच औषध, डिझेल. मासेमारीची बंदी लागली (1 जून ते 31 जुलै, दोन महिने बोट धक्क्याला) की पहिल्या दिवशी इंजिनरूममधल्या जे जे नट खोलायचेत त्या सगळ्यांवर डिझेलात बुडवलेली चिंधी गुंडाळून ठेवायची आणि वर जुनी प्लास्टिकची पिशवी बांधायची म्हणजे उडून जात नाही. आठ दिवसांनी हात लावायचा. आता तुम्हा पोरांना आठ दिवस म्हणजे आठ वर्षं वाटतात.
आणि एक सांगतो, जुन्या ब्रिटिश धाटणीच्या इंजिनांवर इंची नट असतात. अर्धा इंची म्हणजे 12.7 मिमी, त्याला 13 चा पाना लागल्यासारखा वाटतो पण ढिला बसतो, आणि तिथेच कोपरे जातात. 3/4 ला मात्र 19 चा बरोबर बसतो. आमच्या एका नव्या खलाशाने एका दुपारी पाच नट गोल केले होते, 13 चा पाना घेऊन. त्याची काय चूक, पाना लागत होता ना.

गजालवाला (5 जून, सकाळी 9:05)
आमच्याकडचो एक म्हातारो मेकॅनिक असा. तो बोल्टावर तेल घालता आणि चाय पिऊक जाता. परत येता, दोन ठोके मारता, परत चाय. संध्याकाळपर्यंत एकतर बोल्ट सुटता नायतर चायवालो श्रीमंत होता.

सुट्टीवरचा_सेकंड (5 जून, दुपारी 1:20)
मी मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर, सध्या घरी, त्यामुळे वेळच वेळ आहे, जरा लांबण लावतो.

काकांचं डिझेल आणि तेलकटचं एटीएफ दोन्ही बरोबर, पण ते पोलादी नटाला. इथे दुखणं वेगळं आहे. आउटबोर्डचं घर अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचा आणि मधे खारं पाणी, म्हणजे झाली की बॅटरी तयार. या बॅटरीत मार खातं ते अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस मजेत राहतं. म्हणून बोल्टाचं डोकं चकाचक दिसतं आणि आपण म्हणतो अरे हा तर नवा आहे, सुटत का नाही. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, आणि आट्यांमधे जागा असते केसाएवढी. भुकटी तिथे पाचर ठोकल्यासारखी बसते. गंजलेल्या नटात तेल हळूहळू झिरपत जातं, इथे त्याला आत शिरायला वाटच नसते. दोन दिवस काय दोन महिने तेल मारलं तरी पहिल्या दोन आट्यांच्या पुढे जाईल असं वाटत नाही.

इथे काम करते ती उष्णता. एका अंशाला एक मीटर अ‍ॅल्युमिनियम साधारण 23 मायक्रॉन वाढतं, स्टेनलेस 17 च्या आसपास, साधं पोलाद 12. 10 मिमीचं भोक आणि बोल्ट दोन्ही 150 अंशांनी तापले तर फरक पडतो जेमतेम 9 मायक्रॉन. हसू नका, तेवढ्याने ती भुकटी तडकते. म्हणून तापवायचं ते बोल्टाच्या भोवतीचं घर, बोल्ट नाही. नट आणि स्टड असेल तर नट तापवायचा. थोडक्यात जे बाहेरून आवळतंय ते फुगवायचं.

पण जपून. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. आत्ता होतं, आत्ता खाली ओघळलं. शिवाय खालच्या भागात ऑइल सील आहेत, ती रबराची. हीट गन वापर, गॅस टॉर्च नको. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की पुरे. रंग फुगायला लागला तर तू जास्तच तापवलंयस.

आता पाईपाबद्दल. एम10 चा ए2-70 स्टेनलेस बोल्ट (डोक्यावर कोरलेलं असतं बघ) पिळून तुटायला किमान 65 न्यूटन मीटर लागतात. 30 सेंटिमीटरच्या पान्यावर म्हणजे 22 किलोचा जोर, हाताला जाणवतो, माणूस थांबतो. एक मीटरच्या पाईपावर तोच जोर साडेसहा किलो. तुझा पाईप दीड मीटरचा, म्हणजे साडेचार किलोच्या आत. एका हाताने बोल्ट तोडशील आणि तुला कळणारही नाही.

नवखा_नाखवा (5 जून, संध्याकाळी 7:48)
सेकंडसाहेब तुमची पोस्ट आत्ता वाचली. दुपारी 12 वाजता वाचायला मिळाली असती तर बरं झालं असतं.
तिसरा बोल्ट तुटला. पाईप. आवाज पण काही फार आला नाही, टिक् असा आला, मला वाटलं सुटला, मी आनंदाने ओरडलो पण. डोकं हातात आलं. साधारण 3 मिमी बाहेर शिल्लक आहे, वायसर काढल्यावर दिसतोय.

तेलकट_हात (5 जून, संध्याकाळी 7:55)
चुलतभाऊ काय म्हणतो?

नवखा_नाखवा (5 जून, संध्याकाळी 7:57)
म्हणतो बोल्टच हलका होता

रेवदंड्याची (5 जून, रात्री 9:30)
दादा, 3 मिमी बाहेर आहे म्हणजे नशीब चांगलं आहे, आता त्याला हात लावू नका. आमच्या घरच्या दोन बोटी आहेत, इंजिनाचं काम गेली सहा वर्षं मीच बघते, बाबा फक्त ओरडायला असतात. तुटलेल्या बोल्टावर नट वेल्ड करून काढायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. आधी तुकड्यावर वायसर ठेवून तो वेल्ड करायचा, मग त्याच्यावर थोडा मोठा नट ठेवून आतून भरायचा. वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, स्टेनलेसला चिकटतं, त्यामुळे घराला फारसा धोका नाही. आणि खरी गंमत अशी की वेल्डिंगची धग थेट बोल्टात उतरते, त्याने भुकटी आपोआप तडकते. लाली गेली की लगेच मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून आट्यांत शिरतं, मग पाना लावून थोडं आवळायच्या दिशेने, थोडं सोडवायच्या दिशेने. एकदम सोडवायला जायचं नाही. आधी आवळून बघणं हे कुणाला पटत नाही पण पकड बहुतेक वेळा तिकडूनच सुटते.

दोन प्रश्न. एक, पंख्याच्या वर जो छोटा पंखासारखा तुकडा असतो, ट्रिम टॅब, तो काढलात का? बऱ्याच इंजिनांत त्याच्या आत एक लपलेला बोल्ट असतो. लोक चारही बोल्ट काढतात आणि मग हातोडीने घर फोडतात, कारण पाचवा तसाच असतो. दोन, झिंकची (इंजिनाऐवजी झिजायला लावलेला जस्ताचा तुकडा) काय अवस्था आहे?

पुणेरी_पाना (5 जून, रात्री 9:44)
वेल्डिंग वगैरे कशाला, ईझी-आउट मिळतो ना, भोक पाडा, उलट्या आट्यांचा ईझी-आउट घाला आणि फिरवा.

सुट्टीवरचा_सेकंड (5 जून, रात्री 9:51)
ईझी-आउट नावात फक्त ईझी आहे. पिळून तुटलेला जो बोल्ट तुटेपर्यंत हलला नाही तो त्याच्या निम्म्या जाडीच्या टोकाने हलेल असं का वाटतं? आणि ईझी-आउट आत तुटला की संपलं, तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलने ओरखडासुद्धा उठत नाही. मग कार्बाइडचं बिट शोधा नाहीतर पार्ट घेऊन स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणगीने धातू कोरणाऱ्याकडे) जा. ईझी-आउट त्या बोल्टासाठी, ज्याचं डोकं फक्त तुटलंय पण आटे मोकळे आहेत. इथे नाही.
ड्रिलच करायचं असेल तर उलट्या हाताचं बिट घ्या. फिरतं सोडवायच्या दिशेने, कधी कधी भोक पाडता पाडताच बोल्ट वर येतो.

पुणेरी_पाना (5 जून, रात्री 10:02)
बरं बरं, मी फक्त सुचवलं.

नवखा_नाखवा (6 जून, सकाळी 8:10)
ताई, ट्रिम टॅब काढलेला नव्हता!! आत्ता काढला. आत बोल्ट आहे. चार नाही पाच. म्हणजे मी कालच्या दिवसात सगळे सोडवले असते तरी घर निघालंच नसतं आणि मी नक्की हातोडी घेतली असती.

झिंकबद्दल काय सांगू. ट्रिम टॅबच झिंक आहे ना? त्याला निळा रंग दिलेला आहे. मागच्या पावसाळ्यात बोट रंगवताना चुलतभावाने इंजिनालाही एक हात मारला होता, छान दिसतंय म्हणून.

रेवदंड्याची (6 जून, सकाळी 8:25)
हे बघा मिळालं. झिंक स्वतः झिजतं म्हणून इंजिन वाचतं. त्याला रंग दिला की पाण्याला झिंक दिसतच नाही, मग पाणी इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम खातं. पूर्ण एक सीझन तुमचं इंजिन उघडं होतं. रंगवलेलं झिंक नव्यासारखं दिसतंय ना? सहा महिने खाऱ्यात राहून झिंक नव्यासारखं दिसत असेल तर ते कामच करत नव्हतं असं समजायचं.

गजालवाला (6 जून, सकाळी 9:00)
चुलतभावाक खयंतरी नोकरी बघा रे

लेलँडवाला_काका (6 जून, सकाळी 11:40)
चुलतभावाला फार बोलू नका, तो वाचत असेल. आमच्या बंदरात झिंकला लाल रंग मारून बोटीला टिळा लावल्यासारखं शोभेला ठेवलेलं मी स्वतः बघितलंय.

हे मेणबत्तीचं पहिल्यांदा ऐकतोय. माझ्या मॅनिफोल्डचे बारा नट आहेत, दर दोन वर्षांनी एक-दोन स्टड तुटतात. मेण जळून जात नाही का?

रेवदंड्याची (6 जून, दुपारी 12:15)
लाल असताना लावलं तर जळतं काका, भडका पण उडतो. लाली जाऊन काळं पडलं की लावायचं. आणि मॅनिफोल्डला परत बसवताना पितळेचे नट वापरा, ते पोलादी स्टडवर गंजून चिकटत नाहीत. थोडे महाग पडतात पण स्टड तुटण्यापेक्षा स्वस्त.

तेलकट_हात (6 जून, दुपारी 12:40)
एक गोष्ट सगळ्यांसाठी, टॉर्च किंवा वेल्डिंग घ्यायच्या आधी. पेट्रोलची टाकी आणि नळी मांगरातून बाहेर, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी, बॅटरी सुटी, इंजिनावरचं इग्निशन वेल्डिंगमधून वाचवायचं असेल तर अर्थ क्लँप अगदी त्या तुकड्याजवळ लावायचा आणि जमलं तर खालचा भागच... हां, तो निघतच नाहीये, सॉरी. तर मग सीडीआय युनिटचे (इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक डब्याचे) कनेक्टर काढून ठेव. बाजूला वाळूची बादली. तेल मारलेली जागा आधी पुसून घे. आणि ब्रेक क्लीनरने साफ करून लगेच ज्योत लावायची नाही, त्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट असेल तर तापल्यावर जो वायू निघतो तो माणूस मारतो, हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये.

पावसात ताडपत्री बांधून मांगर बंद केलेला असेल तर ती आधी उघड. चिंब झालास तर झालास.

नवखा_नाखवा (8 जून, रात्री 9:15)
अपडेट. आधी चौथा, कोपरे गेलेला. कणकवलीहून सहा कोनांच्या सॉकेटचा सेट आणला. 14 चं फिरत होतं म्हणून सेकंडसाहेबांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, त्यांनी सांगितलं 13 चं सॉकेट हातोडीने ठोकून बसव. बसलं, अक्षरशः बोल्टाचे उरलेले कोपरे सोलून बसलं. मग हीट गनने घर तापवलं, सात-आठ मिनिटं, थेंब चर्र होईपर्यंत. मग सॉकेटवर हातोडीचे चार बेताचे ठोके आणि पाना, आधी आवळायच्या बाजूला. काही नाही. थंड होऊ दिलं. परत तापवलं. तिसऱ्या फेरीला किंचित, म्हणजे घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं सरकावं एवढा हलला. मी ओरडलो नाही या वेळी. मागे-पुढे, मागे-पुढे, तेल, परत मागे-पुढे, वीस मिनिटं. सगळ्या आट्यांना पांढरा चुरा, चुन्यासारखा, गरम गरम. निघाला.
ट्रिम टॅबमधला पाचवा पहिल्याच तापवण्यात आला, त्याच्यावर जुनं ग्रीस होतं. आधीच्या मालकाने लावलेलं असणार. त्याला माझा नमस्कार.

उरला तुटका. वेल्डर उद्या येतो म्हणालाय.

सुट्टीवरचा_सेकंड (8 जून, रात्री 9:40)
उत्तम. तिसऱ्या फेरीला हलला हे लिहिलंस ते बरं केलंस, लोक पहिल्या फेरीत नाही हलला की टॉर्च आणायला पळतात. तापणं-थंड होणं याच्या प्रत्येक फेरीत भुकटी थोडी थोडी मोडत असते, आपल्याला दिसत नाही एवढंच.

नवखा_नाखवा (11 जून, रात्री 8:30)
वेल्डर 9 ला येणार होता, आज आला. पहिला नट वेल्ड केला, पाना लावला, नट तुकड्यावरून उखडून हातात. दुसरा नट, तोच प्रकार. वेल्डर म्हणाला दादा हे नाय होणार, ड्रिल मारा. मी ताईंची पोस्ट फोनवर दाखवली, वायसर आधी. तो म्हणाला ही कोण. मी म्हटलं रेवदंड्याची आहे. तो गप्प बसला आणि वायसर लावला. स्टेनलेसची काडी पण त्याच्याकडे होती, आधी साधी वापरत होता! तिसरा नट चांगला भरला, लाली गेली, मेण, धूर, पाना. आवळायच्या दिशेला हलका झटका, कट्ट, आणि मग सुटायच्या दिशेला लोण्यासारखा. खरंच लोण्यासारखा. वेल्डरने पैसे कमी घेतले, म्हणाला मला पण शिकायला मिळालं.

आता नवीन तक्रार. पाचही बोल्ट बाहेर, खालचा भाग तरी हलत नाही.

रेवदंड्याची (11 जून, रात्री 8:41)
गिअरच्या दांडीचा जोड सोडवलात?

नवखा_नाखवा (11 जून, रात्री 8:43)
सोडवलाय

रेवदंड्याची (11 जून, रात्री 8:50)
मग शाफ्टचं वरचं टोक क्रँकमध्ये गंजून धरलंय. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, जोडाची कडा खराब होते आणि मग कायमची फट राहते. लाकडाच्या दोन पातळ पाचरी करा, आंब्याच्या फळीच्या चालतील, दोन्ही बाजूंनी समोरासमोर हलक्या हाताने ठोका, एकदा इकडे एकदा तिकडे. अर्धा मिमी उघडलं की फटीतून तेल मारा आणि रात्रभर पाचरी तशाच ताणलेल्या ठेवा. खाली काहीतरी मऊ ठेवा, पडतो तो अचानक.

नवखा_नाखवा (12 जून, सकाळी 6:20)
रात्री अडीच वाजता पडला. आईला वाटलं मांगरात कोण घुसलं. खाली जुनी गादी होती, काही झालेलं नाही. इंपेलरची सहापैकी तीन पाती गायब.

तेलकट_हात (12 जून, सकाळी 7:05)
ती तीन पाती शोध. वरती पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलेली असणार, थर्मोस्टॅटपर्यंत गेलेली पण सापडतात. नुसता नवा इंपेलर टाकलास तर पिचकारी आजसारखीच येईल.
आणि हो, थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट एम6 असतात. बारीक. तेही तसेच जाम असतील. आता तुला माहीत आहे काय करायचं, आणि काय नाही करायचं.

लेलँडवाला_काका (12 जून, दुपारी 4:00)
पडण्यावरून आठवलं. पंखा काढताना कधी शाफ्टचा नट पूर्ण काढून टाकू नका. ढिला करायचा, दोन-तीन आटे राहू द्यायचे आणि मग पुलर लावायचा, पंख्याच्या बोळक्याला (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाला) धग द्यायची, पुलरच्या बोल्टावर एक ठोका. कोनावर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) बसलेला पंखा सुटतो तेव्हा तोफेसारखा सुटतो, आमचा पंखा पन्नास किलोच्या वर आहे. नट असला तर नटावर आदळून थांबतो. तरीपण मागे उभं राहायचं नाही. आमच्या तांडेलाचा अंगठा बघितला तर कळेल.

नवखा_नाखवा (15 जून, रात्री 10:10)
दोन पाती सापडली, तिसरीचा चुरा असावा. थर्मोस्टॅटचे चार बोल्ट, चारही सुटले, एकही तुटला नाही, दोन दिवस घेतले पण. चहा किती झाले मोजले नाहीत.

प्रश्न असा की तुटक्या बोल्टाच्या भोकातले आटे वरचे दोन-तीन गेलेत. नवा बोल्ट घेतो पण शेवटी फिरतोच. हेलिकॉइल (भोकात नवे आटे म्हणून बसवायची तारेची गुंडाळी) करायला कुडाळ एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेऊ का घरी होईल?

सुट्टीवरचा_सेकंड (15 जून, रात्री 10:35)
घरी होईल पण ड्रिल सरळ उभं धरता आलं पाहिजे, नाहीतर लेथवालाच बरा, त्याचं ड्रिल प्रेस असतं. जाण्याआधी पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) मोज. जपानी इंजिनांवर एम10 ला 1.25 पण दिसतो आणि 1.5 पण. नवा बोल्ट पहिले दोन आटे हाताने जातो आणि मग घट्ट होतो अशी अवस्था असेल तर आटे गेलेले नाहीत, तू चुकीच्या पिचचा बोल्ट आणलायस. आधी जुना निघालेला चौथा बोल्ट त्या भोकात लावून बघ.

नवखा_नाखवा (16 जून, दुपारी 1:05)
😐 चुकीच्या पिचचा होता. दुकानदाराने 1.5 दिला होता, आपले 1.25 आहेत. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून चुरा साफ केला, 1.25 चा बोल्ट आणला, मस्त बसला. हेलिकॉइलचे पैसे वाचले.

तेलकट_हात (16 जून, दुपारी 1:30)
बसवताना काय लावणार आहेस? तांब्याचं अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) सगळीकडे मिळतं, ते अ‍ॅल्युमिनियममध्ये नको, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्यात एकमेकांचे वैरीच.

रेवदंड्याची (16 जून, दुपारी 2:10)
मी पाण्यात न धुतलं जाणारं मरीन ग्रीस लावते, आट्यांना पण आणि डोक्याखाली पण, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. ग्रीस लावल्यावर पूर्ण टॉर्कने आवळत नाही, कोरड्याला जेवढा सांगितलाय त्याच्या पाऊण. शाफ्टच्या वरच्या टोकाला बाजूंनी ग्रीस, पण माथ्यावर गोळा ठेवायचा नाही, आत कोंडलं की खालचा भाग वरपर्यंत बसतच नाही आणि आपण बोल्टाने ओढत बसतो. आणि ते दर वर्षी खोलायचं, इंपेलर चांगला असला तरी. बोल्ट वर्षातून एकदा हलला की तो जाम होत नाही.

अजून एक, विषय निघालाय म्हणून. स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नायलॉक नट इंपॅक्ट गनने कोरडा फिरवू नका. गंज नाही, काही नाही, नवा कोरा नट अर्ध्यात धरतो, दोन्ही आटे एकमेकांत रुतून बसतात. तिथे तेल नाही, धग नाही, काही चालत नाही, ग्राइंडरने कापायचा. रेलिंगचे सहा नट मी असे एका दिवसात घालवलेत. बाबा अजून काढतात तो विषय.

नवखा_नाखवा (27 ऑगस्ट, संध्याकाळी 6:45)
उशिरा लिहितोय, माफी. नारळी पौर्णिमा झाली, एक तारखेला धंदा सुरू. आज 200 लिटरच्या पिंपात इंजिन लावलं. दुसऱ्या दोरीला सुरू झालं. पिचकारी इतकी जोरात की मागे उभ्या असलेल्या चुलतभावाच्या तोंडावर गेली, तो मुद्दाम वाकून बघत होता. नवं झिंक लावलंय, बिनरंगाचं, आणि त्याच्यावर त्यानेच मार्करने लिहिलंय "रंगवू नये".

गजालवाला (27 ऑगस्ट, संध्याकाळी 7:00)
मार्कर पण रंगच असता मां?

रेवदंड्याची (27 ऑगस्ट, संध्याकाळी 7:12)
पुसा ते 😄

लेलँडवाला_काका (28 ऑगस्ट, सकाळी 6:15)
अभिनंदन. बंदीत माझ्या मॅनिफोल्डचे बारापैकी नऊ सुटले, एकही स्टड तुटला नाही, तीन राहिले ते तसेच ठेवून समुद्रात गेलो. या उधाणाला बोट धक्क्याला आहे, उरलेले घेतो. ते मेणबत्तीचं परत एकदा सांगा, आधी तापवायचं की आधी मेण लावायचं?

रेवदंड्याची (28 ऑगस्ट, सकाळी 6:40)
आधी तापवायचं काका.